निसर्गाची साक्ष

मनुष्याचे एखादे वर्तन निसर्गविरुद्ध ठरवावयाचे, तर ते निसर्गात घडत नाही एवढे तरी आधी शाबीत करावयास हवे; परंतु 1860 च्या भारतीय दंडविधानाने आपले 377 वे कलम रचताना असा कोणताही पुरावा मागितला नाही, आणि 'निसर्गक्रमाविरुद्ध' एवढ्या एका शेऱ्याच्या बळावर दोन सज्ञान माणसांच्या संमतीने घडणारे समलिंगी संबंध दीडशे वर्षांहून अधिक काळ गुन्ह्याच्या सदरात बसवून ठेवले. ज्या मुलखात या कलमाचा अंमल होता, त्याच मुलखातल्या गोठ्यागोठ्यांतून त्याच्या गृहीतकाचे खंडन नित्य होत होते, याची दखल मात्र ना कायदेपंडितांनी घेतली ना नीतिवाद्यांनी.

गाय माजावर आली की हंबरते, वैरणीवरून तिचे मन उडते, काचेसारखा स्वच्छ सोट ती टाकते आणि कळपातल्या इतर गाईंवर चढू पाहते; पण निर्णायक खूण ही की दुसरी गाय तिच्यावर चढली असता ती बाजूस न सरता स्तब्ध उभी राहते. सकाळी ही खूण दिसली तर सायंकाळी, सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी, हा कृत्रिम रेतनाचा प्रघात याच निरीक्षणावर उभा आहे. आणि म्हशीत ही खूण क्वचितच आढळत असल्यामुळे तिच्या मुक्या माजाची धास्ती बाळगावी लागते, कारण माज हुकला की एकवीस दिवसांची खोटी. ज्याचा चरितार्थच दिसेल ते नीट पाहण्यावर अवलंबून आहे, त्याला या दृश्याची लाज वाटण्याचे प्रयोजन पडत नाही.

विद्वानांची कथा निराळी. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतील शस्त्रवैद्य जॉर्ज मरे लेव्हिक यांनी 1911-12 च्या हंगामात केप ॲडेअर येथील ॲडेली पेंग्विनांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नराने नराशी केलेला समागम जेव्हा त्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा ते उल्लेख कोणाही वाचकास उमगू नयेत म्हणून त्यांनी वहीत ग्रीक लिपीचा आश्रय घेतला. पुढे मोहिमेचा अधिकृत अहवाल निघाला त्यातून हे प्रकरण गाळण्यात आले, 'प्रकाशनार्थ नव्हे' अशा शेऱ्यानिशी त्या गाळलेल्या प्रकरणाच्या शंभर प्रती तेवढ्या छापल्या गेल्या, आणि तो मजकूर जगापुढे येण्यास 2012 साल उजाडावे लागले. साक्षीदाराचा जबाब दफ्तरात दडपून ठेवावयाचा आणि साक्ष नाही म्हणून निकाल द्यावयाचा, असा हा न्याय होता.

मात्र दडपलेला जबाब हाती आला म्हणून तो हवा तसा ताणण्याचा मोहही आवरला पाहिजे, कारण समलिंगी वर्तन या एका नावाखाली आपण नाना गोष्टी एकत्र बांधतो. गाईचे चढणे हा ऋतुकालातील संप्रेरकांचा परिणाम आहे. त्यावरून तिचा कायमचा कल ठरत नाही. हवाईतील ओआहू बेटावर लेसन अल्बट्रॉस पक्ष्यांच्या सुमारे 31 टक्के जोड्या दोन माद्यांच्या असल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले. तेथे नरांची संख्या अपुरी आणि एकट्या पक्ष्याने पिलू वाढविणे अशक्य, तेव्हा दोन माद्या मिळून एक घरटे चालवितात. अमेरिकेतील पाळीव कळपांत सुमारे 8 टक्के मेंढे मात्र असे आढळले, की माजावरची मेंढी आणि दुसरा मेंढा असे दोन्ही पर्याय समोर असताही ते सातत्याने मेंढ्याचीच निवड करतात. चार्ल्स रोझेली प्रभृतींनी 2004 साली या स्थिर आवडीचा संबंध मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या एका केंद्रकाच्या आकाराशी जोडून दाखविला. पहिली शरीराची अवस्था, दुसरी संसाराची सोय, तिसरी व्यक्तीची आवड. तिन्ही नैसर्गिक खऱ्या, पण तिन्हींची जात वेगळी.

येथे प्रतिपक्ष विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, की पशूंत घडते ते सारे मनुष्यास क्षम्य मानावयाचे काय? धारवाडच्या रानात वानरांचे अभ्यासक सुगियामा यांनी 1960 च्या दशकात नोंदविले, की टोळीवर ताबा मिळविणारा नवा हुप्या आधीच्या हुप्याची तान्ही पिले मारतो. तेही निसर्गक्रमातच मोडते, म्हणून कोणी बालहत्येची तरफदारी करीत नाही. परंतु हा आक्षेप दुधारी आहे. निसर्गात घडते म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नसेल, तर निसर्गात घडत नाही म्हणून ती अयोग्यही ठरत नाही, आणि मग त्या जुन्या कलमाचा मूळ आधारच निखळतो. पशूंच्या साक्षीचा अधिकार एवढाच, की एक खोटी फिर्याद तिने खोटी ठरवावी. माणसाने कसे वागावे याचा हुकूमनामा तिच्याकडे मागू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञानांच्या संमतीपुरते ते कलम रद्द केले, ते समता, प्रतिष्ठा आणि खाजगीपणा या घटनादत्त हक्कांच्या पायावर, आणि तो पायाच योग्य होता. उद्या एकाही मेंढ्याने मेंढ्याकडे पाहिले नाही, तरी ज्यांच्या संबंधात जुलूम नाही, फसवणूक नाही आणि तिऱ्हाइताचे नुकसान नाही, अशा दोन माणसांना गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार राज्याला प्राप्त होत नाही.