चित्र फाइलमध्ये असतं का?

तेल तिळात आधीपासून असतं, म्हणूनच घाण्यात तीळ घालतात, वाळू कोणी घालत नाही. सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांचा हा लाडका दाखला. कार्य कारणातच दडलेलं असतं, ते फक्त प्रकट होतं. याला सत्कार्यवाद म्हणतात. न्याय दर्शनाच्या तत्त्वज्ञांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटत नाही. त्यांच्या मते कापड सुतात नव्हतंच, विणल्यावर ते नव्याने जन्माला आलं. दीड हजार वर्षांहून जुना हा वाद आज सिनेमाच्या व्हीएफएक्स स्टुडिओत रोज नव्याने उभा राहतो. तिथे काम करणाऱ्यांना शॉट वेळेत द्यायचा असतो, त्यामुळे त्याकडे कोणी फिरकत नाही एवढंच.

डिजिटल डोमेन या अमेरिकन कंपनीत 1993 मध्ये ‘न्यूक’ हे चित्रं एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर जन्मलं. ‘टायटॅनिक’मध्येही ते वापरलं गेलं. त्यात मूळ प्लेटला, म्हणजे शूट केलेल्या चित्राला, हात लागत नाही. पडद्यावर लहान लहान डबे असतात: एक चित्र वाचतो, एक रंग बदलतो, ‘मर्ज’ एकावर एक चित्र बसवतो. हे नोड रेघांनी जोडायचे. मर्जच्या पोटातलं गणित टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये मांडलं होतं. काम सेव्ह केलं की साधी अक्षरांची फाइल तयार होते: कोणता नोड कशाला जोडला, कोणता आकडा किती. चित्राचा एक पिक्सेलही तिच्यात नसतो. चित्र दाखवणाऱ्या ‘व्ह्यूअर’ने मागणी केली की ती नोडमागून नोड उलटी वर चढते आणि लागेल तेवढाच भाग मोजला जातो.

मग मागणीपूर्वी चित्र कुठे होतं?

सांख्य म्हणेल, तिथेच, अव्यक्त. पुरावाही भक्कम आहे: नोड बंद केला की आधीचं चित्र जसंच्या तसं परत येतं. काही नष्ट झालेलंच नसतं.

पण ‘शेक’चं काय? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी वापरलेलं हे सॉफ्टवेअर अॅपलने 2002 मध्ये विकत घेतलं आणि 2009 मध्ये बंद केलं. आजच्या मॅकवर ते चालत नाही. प्लेट शाबूत, फाइल शाबूत, चित्र मात्र उमटत नाही. इथे अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायाचा ग्रंथ कामाला येतो. कापडाची त्यात तीन कारणं आहेत: सूत हे समवायी, सुतांची जोडणी असमवायी, माग वगैरे निमित्त. आपल्याकडे तीच तीन कारणं म्हणजे प्लेट, नोडच्या रेघा, सॉफ्टवेअर. शेकच्या बाबतीत मागच मोडला. शिवाय नैयायिक सांगतात की एक धागा काढला तरी जुनं कापड संपतं आणि नवं, खंडपट, उपजतं. वरच्या नोडमधला एक आकडा बदलला की न्यूकही खालचं सारं जुनं ठरवून पुन्हा मोजतं. माझ्या मते निकाल नैयायिकांच्या बाजूने लागतो.

मोडलेल्या मागावर उपायही आहे. फ्रान्सच्या इनरिया संस्थेत घडलेल्या, न्यूकसारख्याच ‘नेट्रॉन’ या सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती 2014 च्या अखेरीस आली; त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. म्हणजे कंपनी असो वा नसो, हा माग कोणालाही पुन्हा उभारता येतो. नेट्रॉन फुकट मिळतं. ज्यांना सांख्यांची बाजू अजून लढवायची आहे, त्यांनी ते उतरवून घ्यावं आणि एखादा नोड बंद करून पाहावा.