फळ नेमकं कुणाचं?

आमच्या धंद्यात गीतेचा एकच श्लोक चालतो, तोही अर्धाच. अप्रेझल होऊन हातात जेमतेम पगारवाढ पडली की मॅनेजर खांद्यावर हात ठेवून तो ऐकवतो: काम करत राहा, फळाचं मनात आणू नका. आणि रात्री सिस्टिम पडून हजारो लोकांचे पैसे अडकले की तोच श्लोक इंजिनिअरच्या तोंडी येतो: मी टिकिट क्लोज केलं होतं, टेस्टिंगने पास केलं, क्लायंटने साइन-ऑफ दिला, पुढचं माझ्या हातात नव्हतं. पहिला दुसऱ्याच्या कष्टाच्या फळावर पाणी सोडतो, दुसरा आपल्या कामातून झालेल्या नुकसानावर. दोघांनाही आपण कर्मयोगी झाल्यासारखं वाटतं.

मॅनेजरचा निकाल लवकर लागतो. फळाचा त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या त्यागाला पगारकपात म्हणतात. इंजिनिअरचं म्हणणं मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

मी 1987 साली कोबोल शिकले आणि आज साठी उलटली तरी पुण्यात बसून लोकांचे कोड तपासून देते. तरुण मुलं भेटली की करिअरचंच विचारतात: कुठली लँग्वेज शिकू, मॅनेजमेंटकडे वळू का, किती वर्षांनी कंपनी बदलू. या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच जुना प्रश्न दिसतो. आपण लिहिलेला प्रोग्राम आपण कधीही न पाहिलेल्या गावात, न भेटलेल्या माणसाच्या आयुष्यात जाऊन काम करतो, तेही बरेचदा आपण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्यानंतर. असा प्रोग्राम लिहिणाऱ्याने फळावरचा हक्क सोडायचा म्हणजे नक्की काय सोडायचं?

मी मूळची धुळ्याची. 1932 साली विनोबा आमच्याच गावच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून झालेलं ‘गीता प्रवचने’ आमच्या घरी वडिलांच्या हिशोबाच्या वह्यांशेजारी असायचं. वडील जिल्हा परिषदेत कारकून. विनोबांनी कर्माला विकर्माची जोड द्यायला सांगितलं आहे: बाहेरच्या कृतीत आतून मन ओतलं गेलं तरच ते कर्म हलकं होतं, त्याचं ओझं वाटेनासं होतं. वडील याचा अर्थ आपल्या परीने लावायचे. पेन्शनच्या फायलीवर सही करताना ती फाईल ज्याची, त्याचं नाव मोठ्याने वाचायचे. ऑफिसात लोक हसायचे. मला ती सवय पुढे कुठल्याही कोडिंग स्टँडर्डपेक्षा जास्त उपयोगी पडली.

2000 नंतरच्या दशकात मी अमेरिकेतल्या एका आरोग्यविमा कंपनीच्या क्लेम सिस्टिमच्या मेंटेनन्सवर होते. ती बांधणारी टीम केव्हाच रोल-ऑफ होऊन दुसरीकडे गेली होती. रात्रीच्या बॅचमध्ये प्रत्येक क्लेमला स्टेटस कोड लागायचा: मंजूर, नामंजूर, कागदपत्रं अपुरी. यात न बसणाऱ्यांसाठी कुणीतरी ‘इतर’ असा चौथा कोड ठेवला होता. प्रोग्राम चोख होता. मेनफ्रेमवाल्यांचा नेहमीचा वैरी, एस-झिरो-सी-सेव्हन हा एरर येऊन तो जॉब कधी पडला नाही, एकही टेस्ट केस फेल गेली नाही. फक्त ‘इतर’मध्ये पडलेले क्लेम कुठल्याच रिपोर्टात येत नसत, कारण तसा रिपोर्ट कुणी मागितलाच नव्हता. ते मंजूर होत नसत, नामंजूरही होत नसत. नामंजुरीचं पत्र जात नसे, त्यामुळे अपील करायचीही सोय नव्हती. कॉल सेंटरमधली एक बाई चिकाटीने ईमेल पाठवत राहिली, म्हणून आम्ही ते रेकॉर्ड उघडून पाहिले. बहुतेक क्लेम दर आठवड्याला तेच उपचार पुन्हा पुन्हा घ्यावे लागणाऱ्या लोकांचे होते, म्हणजे सगळ्यात आजारी माणसांचे. मूळ टीमला कळवलं तेव्हा उत्तर आलं: स्पेकप्रमाणेच आहे. ते खरंही होतं.

हे काहीच नाही, असं वाटायला लावणारं प्रकरण ब्रिटनमध्ये घडलं. तिथल्या पोस्टाने 1999 पासून होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली शाखांमध्ये बसवली. शाखा चालवणाऱ्यांच्या हिशोबात तूट दिसू लागली. ती त्यांनी खिशातून भरावी असा करार होता आणि भरता आली नाही की चोरीचा, खोट्या हिशोबाचा खटला. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. घरं गेली, संसार मोडले, एक गरोदर स्त्री तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते, हे न्यायालयाने 2019 साली नि:संदिग्धपणे सांगितलं. शिक्षा सरसकट रद्द करायला 2024 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या दोषांपैकी एक स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या नावाने ओळखला जातो. तिथे आठ हजार पौंडांची एकच जमा चार वेळा नोंदली गेली आणि चोवीस हजारांची तूट तयार झाली. प्रोग्रामरच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा अगदी किरकोळ, ओळखीचा बग आहे. स्क्रीन हलत नाही म्हणून माणूस पुन्हा एंटर दाबतो, आणि प्रत्येक एंटर हा नवा व्यवहार धरला जातो. एकाच व्यवहाराला एकच क्रमांक द्यावा आणि तो दुसऱ्यांदा आला तर नाकारावा, एवढीच त्याची दुरुस्ती. कायद्याने मात्र संगणक ठीकच चालतो असं गृहीत धरलं होतं, आणि माणसाला आपण चोर नाही हे सिद्ध करावं लागत होतं.

या लोकांच्या हिशोबामागे बसलेल्या सगळ्या इंजिनिअरांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांतल्या अनेकांनी आपापलं टिकिट मन लावून क्लोज केलं असणार. प्रश्न त्यामुळेच अवघड होतो.

तो सोडवताना मला गीतेचा दुसरा अध्याय पुरला नाही, मी पहिल्याकडे परत गेले. फळाच्या त्यागाचा उपदेश दुसऱ्या अध्यायात येतो. त्याआधी अर्जुन रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो. श्रीकृष्ण तो नेतो, नेमका भीष्म आणि द्रोण यांच्यासमोर उभा करतो आणि म्हणतो, बघ यांना. अर्जुन बघतो: आजे, गुरू, मामे, भाऊ, नातवंडं. आपल्या बाणाचं पुढे काय होणार, कुणाला लागणार, हे तो चेहऱ्यांनिशी पाहतो आणि त्याच्या हातातून धनुष्य गळतं. निष्काम कर्माची गोष्ट त्याच्याशी बोलली जाते ती यानंतर. सगळं पाहून कोसळलेल्या माणसाला सांगितलेलं तत्त्वज्ञान आम्ही काहीच न पाहिलेल्या माणसाला सांगतो. ज्याने युजर बघितला नाही, तो परिणामांपासून अलिप्त होऊ शकत नाही. तो फक्त त्यांच्यापासून लांब असतो. त्या अंतरासाठी साधना लागत नाही, ते हिंजवडीच्या बसमध्ये बसलं की आपोआप मिळतं.

गीता हे उघडही सांगते. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचं लक्षण आहे: पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कुणाला इजा होईल आणि आपली कुवत किती, याचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं काम. आमच्या क्षेत्रातल्या अर्ध्या रिलीज प्लॅनचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. म्हणजे परिणामांकडे पाहायचंच नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. सोडायचं ते स्वतःला मिळणारं: श्रेय, पद, बोनस, आपलंच डिझाइन निवडलं जावं ही हौस. दुसऱ्याच्या वाट्याला जे जाणार आहे ते सोडून द्यायला ते आपलं कधी होतं?

यावर हुशार मुलं एक आक्षेप घेतात आणि तो घेण्यासारखा आहे. म्हणतात, मॅडम, एवढ्या मोठ्या सिस्टिममध्ये कर्ता कोण हेच कळत नाही, मग जबाबदारी कुणाची धरायची? त्याच अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. या पाचांऐवजी केवळ स्वतःला कर्ता मानणारा चुकीचं पाहतो, असंही पुढे म्हटलं आहे. थेरॅक-25 या कॅनेडियन रेडिएशन मशीनची कथा या पाचांच्या चौकटीत तंतोतंत बसते. 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा मिळाली, काही त्यातच गेले. सॉफ्टवेअरचा बराच भाग जुन्या मॉडेलवरून उचललेला होता. ऑपरेटरने स्क्रीनवरची चूक भराभर दुरुस्त केली की मशीनच्या दोन भागांचा ताळमेळ सुटायचा. हाच दोष आधीच्या थेरॅक-20 मध्येही होता. तिथे नवे विद्यार्थी मशीन हाताळायला लागले की फ्यूज उडायचे, कारण सॉफ्टवेअरव्यतिरिक्त स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. फ्यूज उडायचे म्हणून माणसं वाचायची. नव्या मॉडेलात सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते अडसर काढून टाकले गेले.

इथे एकाच प्रोग्रामरला फासावर देणं सोपं आणि खोटं आहे. आज चांगल्या कंपन्यांत अपघातानंतर कुणाच्या नावाने खडे न फोडता पोस्टमॉर्टेम करतात, ते याच समजुतीने. पण कारणं पाच आहेत म्हटल्यावर माझा वाटा शून्य होत नाही. तो पाचांतला एक म्हणून नीट मोजता येतो. अधिष्ठान बदला, साधनं तपासा, क्रियांचा क्रम लावा, दैवासाठी अडसर ठेवा, आणि आपल्या ओळीसाठी आपण हजर राहा.

अठराव्या अध्यायात आणखी एक श्लोक आहे, जो मला आजही अस्वस्थ करतो. ज्याच्यात ‘मी करतो’ हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त नाही, त्याने मारलं तरी तो मारत नाही, असा त्याचा आशय. कुठल्याही कंपनीच्या लीगल खात्याला हा फ्रेम करून लावावासा वाटेल. त्याचं पूर्ण समाधान मला झालेलं नाही. एवढंच म्हणेन की ज्याचा अहंभाव खरोखर गेला आहे तो तक्रार आल्यावर सगळ्यांत आधी लॉग उघडेल, कारण स्वतःचा कोड बरोबर ठरण्यात त्याचं काहीच अडकलेलं नसेल. ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे वाक्य अलिप्त माणसाच्या तोंडून निघू शकत नाही.

आता करिअरचं. लँग्वेज कुठलीही शिका, दर काही वर्षांनी ती बदलेलच. कोबोलला मरणपंथाला लावणाऱ्या कितीतरी लँग्वेजना मी पोचवून आले. महत्त्वाचं वेगळं आहे: आपण लिहिलेली एखादी तरी गोष्ट म्हातारी होईपर्यंत तिच्याजवळ थांबा. दर दीड वर्षाला कंपनी बदलणाऱ्याचा पगार वाढतो, त्याबद्दल मला असूया नाही. घराचे हप्ते मीही भरले आहेत. पण त्याला आपल्या निर्णयांचे परिणाम कधी दिसत नाहीत. तो कायम पेरणीच्या हंगामात राहतो. सर्व्हिस कंपन्यांनी तर रोल-ऑफची रीतच अशी पाडली आहे की फळ धरायच्या आत माणूस हलवला जातो. सपोर्ट आणि मेंटेनन्सला आपल्याकडे कमी लेखतात, लग्नाच्या बायोडेटात ‘डेव्हलपमेंट’ लिहितात. मी जे शिकले ते सपोर्टमध्येच, रात्री वाजणाऱ्या फोनवर.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 साली मांडलं की प्रोग्राम म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर नसतो. तो का आणि कसा चालतो याची समज बनवणाऱ्यांच्या डोक्यात असते आणि टीम पांगली की प्रोग्राम मरतो. त्या क्लेम सिस्टिममध्ये आम्ही अशाच एका मेलेल्या प्रोग्रामला रोज रात्री चालवत होतो.

थांबायचं कसं आणि सोडायचं कधी, याचा मला माहीत असलेला उत्तम नमुना म्हणजे डोनाल्ड नूथ. अक्षरजुळणीची टेक ही प्रणाली त्यांनी 1978 च्या सुमारास सुरू केली. चूक दाखवणाऱ्याला ते सुरुवातीला 2.56 डॉलरचा चेक पाठवत, सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा तो एक डॉलर. अनेकांनी तो न वटवता जपून ठेवला. नवीन सुविधा घालणं त्यांनी केव्हाच थांबवलं. आता फक्त दुरुस्त्या होतात आणि आवृत्तीचा क्रमांक दर वेळी पायच्या किमतीच्या एक अंक जवळ सरकतो. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय करावा आणि उरलेल्या सगळ्या चुका गुणविशेष समजाव्यात, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. ते श्रद्धाळू ल्युथरन ख्रिस्ती, गीतेशी त्यांचा संबंध नाही. पण आधी प्रत्येक परिणामाला पदरचे पैसे मोजून सामोरं जायचं आणि मग शेवटी हात काढून घ्यायचा, हा क्रम त्यांना बरोबर समजला आहे.

हल्ली मुलं सांगतात, मॅडम, हा कोड मी लिहिलाच नाही, एआयने दिला. मी त्यांना पाच कारणं मोजायला लावते. साधन बदललं, इतकंच. कर्ता तो, ज्याने वाचून, समजून मर्ज केलं. न वाचता मर्ज केलं असेल तर पंचविसावा श्लोक आहेच. मुलाखतीत मी आता अल्गोरिदम विचारत नाही. विचारते, तुम्ही लिहिलेलं काहीतरी वापरणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिला, आणि तो कुठे अडखळला? बहुतेक जण गप्प होतात. ज्याला सांगता येतं त्याला मी घ्या म्हणते, मग त्याची लँग्वेज कुठलीही असो, आणि पगार मागेल तेवढा द्या असंही लिहिते. त्याचं फळ आपण सोडायचं कारण नाही.