जागेवरचा पुरावा

लखनौला युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान आहे. तिथली कोनशिला साहनींनी स्वतः घडवली. तिच्यात निरनिराळ्या काळांतले, निरनिराळ्या प्रदेशांतले जीवाश्म बसवले. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि आठवड्याभरात साहनी गेले. शिलेतला प्रत्येक जीवाश्म अस्सल आहे. पण त्यांच्या मांडणीवरून काळाचा क्रम लावता येत नाही. शिला तसा दावाही करत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या बोरीची गोष्ट वेगळी. तिथे कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याजवळ अश्मयुगीन हातकुऱ्हाडी. राख हा कालगणनेचा मोठा आधार. एका उद्रेकाची राख हजारो किलोमीटर पसरते, पण भूशास्त्राच्या हिशेबाने सगळीकडे एकाच वेळी पडते. काचकणांच्या रसायनावरून ज्वालामुखी ओळखता येतो; स्फटिकांतल्या पोटॅशियमपासून किती आर्गॉन तयार झाला, यावरून वय काढता येतं. शांत सरोवराच्या तळाशी ती बसली की तिच्याखालचा गाळ आधीचा, वरचा नंतरचा. सुमात्रातल्या तोबाची सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची राख आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात अशीच सापडली.

बोरीला मात्र नदी आहे. तिथल्या राखेचं वय एका मापनात सुमारे 14 लाख वर्षं आलं, दुसऱ्यात 6.7 लाख, रसायन जुळवून पाहणाऱ्या काहींनी ती 74,000 वर्षांपूर्वीच्या तोबाचीच ठरवली. अशा ठिकाणी एक प्रश्न टाळता येत नाही : राख इथेच पडली, की पाण्याने मागाहून आणून टाकली? राख अस्सल असली तरी तिची जागा अस्सल असेलच असं नाही.

हे वाचताना मला आत्या आठवली. तिने सांगितलेल्या आठवणी मी हिंदीत आणल्या होत्या. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराचं प्रकरण मी तिच्याच एका वाक्याने संपवलं : ‘‘त्यानंतर मी कुणाकडे काही मागितलं नाही.’’ प्रकरणाला छान शेवट मिळाला. छापून आल्यावर मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘शब्द माझेच आहेत गं. पण हे मी पुराला नव्हतं म्हटलं.’’

ती ते म्हणाली होती भावांनी केलेल्या वाटणीबद्दल. त्या भावांत माझे वडील होते.

अनुवादक शब्दाला बांधील असतो, असं आपण म्हणतो. मी एकही शब्द बदलला नव्हता. पण कोणतं वाक्य कशानंतर आलं, हीसुद्धा साक्षच असते, आणि ती मी पुसली. कोनशिला ‘मी जुळवलेली आहे’ हे लपवत नाही. माझं प्रकरण ‘असंच घडलं’ म्हणत होतं, आणि माणसांवरचा दोष पाण्यावर ढकलत होतं. तेव्हा मी त्याला रचना म्हटलं. खरं तर ती मुलीची माया होती.

आत्या आता नाही. नव्या आवृत्तीसाठी मी ते वाक्य मूळ जागी ठेवलं आहे. पुराचं प्रकरण आता थोडं अधांतरी संपतं. वडील ते वाचणार आहेत.