जोडलेलं अवजार

संध्याकाळच्या प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना पंधरा कर्मादानांची नावं येतात. ज्या धंद्यांत हिंसा जास्त, ते श्रावकाने टाळावेत म्हणून ही यादी. माहेरी, अमळनेरला, आजीच्या शेजारी बसून मी ती गाण्यासारखी म्हणायची. अर्थ विचारायची गरज कधी वाटली नाही. लग्न होऊन सुरतेला आले आणि ‘फोडीकम्मे’ या शब्दापाशी अडखळले. फोडीकम्मे म्हणजे जमीन फोडायचं काम, नांगरणं, खणणं. आणि आमच्या सासरचा धंदा शेतीच्या अवजारांचा! दुकानात नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, मळणीयंत्रं, त्यांचे सुटे भाग. ओलपाड, कामरेज, बारडोलीकडचे शेतकरी आमचं गिऱ्हाईक.

सासूबाईंना एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, “आपण नांगर विकतो, चालवत नाही.” हे उत्तर मला बरीच वर्षं पुरलं.

पुढे वाचनात आलं की बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त विषवाणिज्याचा अर्थ सांगताना विष आणि शस्त्रांच्या बरोबरीने नांगर आणि यंत्रंही घातली आहेत. म्हणजे ‘विकतो, चालवत नाही’ ही पळवाट त्यांनी आठशे वर्षांपूर्वीच बुजवून टाकली होती. मी ते पान मिटलं. कारण दुकान चालत होतं, मुलाचं शिक्षण चालू होतं, आणि भाकरी तर सगळेच खातात.

मनाची समजूत घालायला आधारही पुष्कळ होते. भगवान ऋषभदेवांनीच लोकांना शेती शिकवली, असं आपण मानतो. ‘उपासकदशा’तला आनंद श्रावक महावीरांकडून व्रत घेतो तेव्हा जमिनीची मर्यादा पाचशे नांगरांची ठेवतो, नांगर सोडून देत नाही. सांगली-कोल्हापूरकडे आपलेच दिगंबर बांधव पिढ्यान् पिढ्या स्वतः शेत कसतात. आमच्या खानदेशात तर जळगावच्या भवरलालजी जैनांचं नाव घराघरात. वाकोदच्या या माणसाने १९६३ साली रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात केली आणि पुढे पाइप नि ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं. अवजारांच्या धंद्यात पाप असतं तर एवढी मोठी माणसं त्यात कशी उतरली असती, असं मी स्वतःला सांगायची.

पण मोठ्या माणसांची नावं घेऊन आपली वही स्वच्छ होत नाही. हे मला एका मे महिन्यात कळलं.

ओलपाड तालुक्यात काकरापारच्या कालव्यावर उन्हाळी भात होतो. भाताची मळणी निघाली की आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्याचं यंत्र बंद पडतं त्याला आजच्या आज दुरुस्ती हवी असते, कारण आभाळाचा भरवसा नाही आणि मजुरांचा रोज चालू असतो. असाच एक जुना गिऱ्हाईक ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांना जोडणारा शाफ्ट घेऊन आला. क्रॉस-बेअरिंग गेलं होतं. आमच्या मिस्त्रीने ते बदललं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं झाकण तडकून अर्धं निघालं होतं, ते त्याने काढून बाजूला ठेवलं आणि नवं मागायला आत आला. नवं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणाला, “चालशे.” मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, “चालेल, पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा घेऊन जा.”

तिसऱ्या दिवशी त्या शेतावर मजुरीला आलेल्या एका बाईचा पदर त्या उघड्या शाफ्टमध्ये गेला. पदरामागून हात गेला. उजवा हात कोपराच्या खाली राहिला नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. त्याची नेहमीची गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचं एक टोक त्या दांड्याला लागतं, दुसरं यंत्राला. कापडाचं टोक त्याला लागलं की माणूस ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत चार-पाच वेढे पडलेले असतात. सोडवायला वेळच नसतो. म्हणून त्यावर झाकण असतं. ते स्वतः फिरत नाही, शाफ्ट आतल्या आत फिरतो. एवढं साधं काम आहे त्याचं.

ते झाकण दुकानात का नव्हतं? याचं उत्तर माझ्या वहीत होतं. आमच्याकडे मालाची मागणी मी काढते. फेब्रुवारीत कोणता माल किती फिरला हे पाहून मी यादी केली होती. बेअरिंगं फिरतात, पाती फिरतात, ऑइल सील फिरतात. झाकणं फिरत नाहीत. तुटलं तरी शेतकरी नवं घेत नाही, कारण त्यावाचून यंत्र बंद पडत नाही. मागच्या वर्षीची चार झाकणं धूळ खात पडली होती, ती शेवटी कशीबशी खपवली. म्हणून त्या ओळीपुढे मी लाल पेनने ‘नको’ लिहिलं होतं. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पडून राहणाऱ्या मालात पैसा अडकवू नये, हे मला सासऱ्यांनीच शिकवलं होतं आणि आमचा मुलगा कॉलेजात तेच मोठ्या शब्दांत शिकून आला होता.

घरात बोलणं झालं. मुलगा म्हणाला, “मम्मी, आपण बेअरिंगचं बिल केलं. आपली जबाबदारी तेवढीच. झाकणाशिवाय यंत्र चालवलं त्यांनी.” यांनी काहीच न बोलता दवाखान्यात पैसे पोचवले. एक नणंद म्हणाली, “भाभी, म्हणूनच सांगते, हा धंदा सोडा. हिऱ्यात नाहीतर साडीत या. स्वच्छ काम.” सुरतेत राहून असं म्हणणं सोपं आहे. पण साडीवर रंग चढतो तेव्हा त्याचं पाणी कुठे जातं, हेही कुणीतरी बघायला हवंच ना? धंदा बदलला की पापाचा पत्ता बदलतो, एवढंच मला दिसत होतं.

मुलाचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. तो खोटं बोलत नव्हता. पण कायदासुद्धा विक्रेत्याला इतकं सहज सोडत नाही. मळणीयंत्रात हात जाणाऱ्या मजुरांसाठी १९८३ साली आपल्या संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात नुसता कारखानदार आणि वापरणारा नाही, यंत्रांचा व्यापार आणि पुरवठाही धरला आहे. कायद्याचं राहू दे, मला माझ्या त्या ‘चालेल’चं उत्तर हवं होतं.

त्या चातुर्मासात स्थानकात महासतीजी होत्या. मी सगळं सांगितलं. व्यापारात काय करावं हे त्या सांगणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी ते सांगितलंही नाही. त्यांनी फक्त आठव्या व्रताचा एक अतिचार समजावून दिला. अनर्थदंडाचे पाच अतिचार, त्यातला चौथा ‘संजुत्ताहिगरणे’. अधिकरण म्हणजे हिंसेला साधन होणारी वस्तू. संयुक्त म्हणजे जोडलेली. उखळापाशी मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण अशी साधनं गरज नसताना जोडून ठेवू नयेत. सुटं उखळ कुणाला इजा करत नाही, सुटं मुसळही नाही. दोन्ही जोडून तयार ठेवलं की जो येईल तो उचलून वापरेल.

मी हेही लहानपणापासून म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ट्रॅक्टर एकटा उभा असतो तेव्हा निरुपद्रवी असतो. मळणीयंत्र एकटं उभं असतं तेव्हा तेही. दोघांना जोडतो तो शाफ्ट. आणि तो शाफ्ट आमच्या दुकानात दुरुस्त होऊन, चालू होऊन, उघडा होऊन बाहेर पडला होता. नांगर विकण्यात पाप आहे की नाही, याचा वाद मी इतकी वर्षं मनाशी घालत होते. तो मोठा वाद होता, म्हणून सोयीचाही होता. त्याचं उत्तर मिळत नाही तोवर काही करावं लागत नाही. खरा प्रश्न लहान होता आणि तो माझ्या वहीच्या एका ओळीत बसत होता.

अवजारं जोडूच नयेत असं कुणी म्हणेल, तर कुणाच्याच ताटात भात येणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला. त्याने जमिनीला विष झालं नाही. तेव्हा भीती बाळगून धंदा होत नाही, हेही मला मान्य आहे. पण जो जोडतो त्याने त्या जोडाकडे पाहायला हवं. आपण याला जतना म्हणतो. मुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पितो, चुलीचं लाकूड झाडून घेतो. ती जतना उंबऱ्याच्या आत राहिली आणि दुकानाच्या पायरीपर्यंत पोचली नाही, तर ती कसली?

आम्ही काय केलं ते सांगते, फार मोठं नाही. झाकणाशिवाय शाफ्ट दुकानातून बाहेर जात नाही. झाकणाची किंमत बिलात वेगळी दाखवत नाही, कारण वेगळी ओळ दिसली की गिऱ्हाईक ती कापायला सांगतो. हंगामाच्या आधी झाकणं येतात, पडून राहिली तर राहतात. तो खर्च आम्ही दुकानभाड्यासारखा धरतो. आणि मिस्त्रीला सांगून ठेवलंय, गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ‘नाही’ म्हणायचा अधिकार तुझा, त्यावर मी किंवा साहेब बोलणार नाही.

याने सगळं सुधारलं असं नाही. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, पलीकडच्या दुकानात स्वस्त मिळतं. काही शेतकरी घरी नेऊन झाकण काढून टाकतात, कारण त्यामुळे ग्रीस भरायला अडचण होते. मग मिस्त्री त्यांना झाकण न काढता ग्रीस कसं भरायचं ते दाखवतो. काही ऐकतात. मुलगा वर्षाच्या शेवटी पडून राहिलेल्या झाकणांचा आकडा मला दाखवतो. वाद घालत नाही, नुसता दाखवतो. तो आकडा खरा आहे, मला तो बोचतो. व्यापाऱ्याची मुलगी आणि व्यापाऱ्याची सून आहे मी.

त्या वर्षी संवत्सरीला स्थानकात सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना माझी जीभ जड झाली. जिची क्षमा मागायची ती तिथे नव्हतीच. पर्युषण संपल्यावर मी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने नवापूरला गेले. ते स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथून पुढे रिक्षाने तिच्या पाड्यावर.

दवाखान्यात मी तिला एकदा भेटले होते. तेव्हा ती म्हणाली होती, “माझंच चुकलं ताई, पदर खोचला नव्हता.” घरीही तेच म्हणाली. तिच्या नवऱ्यानेही मान हलवली. मुकादमाने, शेतमालकाने, दवाखान्यात, सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं. आपण बायका असंच करतो. काही झालं की आधी आपला पदर तपासतो.

मी तिला म्हटलं, “बाई, पदराचा दोष नव्हता. त्या दांड्यावर एक झाकण असतं. ते आमच्या दुकानात नव्हतं, कारण मी ते मागवलं नव्हतं. मला माहीत असून मी चालेल म्हणाले.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही, आणि मी ती हक्काने मागावी असं काही मी केलेलंही नव्हतं. तिच्या सुनेने काळा चहा आणला. तो डाव्या हाताने घेत तिने विचारलं, “आता मागवता का?”

“मागवते,” मी म्हटलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणी घरच्या दुकानाचा, कारखान्याचा हिशेब ठेवतात. काय आणायचं, काय नको, हे आपल्याच हाताने लिहिलं जातं. प्रतिक्रमणाला बसण्याआधी मी आता ती वही एकदा उघडते आणि ज्या ओळींपुढे ‘नको’ लिहिलंय त्या पुन्हा वाचते.