हिरवळीचा हट्ट

वैशाखातही अंगणातील हिरवळ हिरवीच दिसली पाहिजे, हा हट्ट बागकामाची किरकोळ बाब समजून माळ्यावर सोपविला जातो. वस्तुतः कालाने घालून दिलेली मर्यादा मनुष्याने कोठवर नाकारावी, हा जुना धर्मप्रश्नच त्यात दडलेला असतो.

दख्खनच्या पठारावर गवताची निवड करण्यास फार दूर जावे लागत नाही. पाश्चात्त्य बागवान ज्या बर्म्युडा गवताची शिफारस करतात, ती आपली हरळीच होय. जिच्या काशा शेतकरी नांगरटीनंतर शिव्याशाप देत वेचतो आणि जाळतो तीही हीच, आणि २१ दूर्वांची जुडी होऊन गणपतीच्या मस्तकी चढते तीही हीच. अनलासुराला गिळल्यामुळे गणेशाच्या अंगाचा जो दाह झाला तो इतर कोणत्याही उपायाने न शमता दूर्वांनी शमला, अशी कथा आहे. ती ज्याने रचली त्याने ही वनस्पती ऊन कशी सोसते हे डोळे उघडे ठेवून पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. पाणी तुटले की हरळी आपली पाती खुशाल वाळू देते, प्राण तेवढा भूमीखालच्या काशांत आवरून धरते, आणि मृगाच्या सरी येताच पेऱ्यापेऱ्यांतून पुन्हा फुटते. स्थितप्रज्ञासाठी गीतेने कासवाचा दृष्टान्त योजिला. तो उपदेश आमच्या माळरानावर झाला असता तर कदाचित हरळी सुचली असती. सावली मात्र तिला मानवत नाही; आंब्याखाली हिरवळीचा नाद सोडावा हेच बरे.

आता पाण्याचा हिशेब. गुंठाभर हिरवळीवर इंचभर पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर झाले. तेही रोज वरवर शिंपडले तर मुळे उथळच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पहाटे, खोल मुरेल असे द्यावे. विहीर माझी, सातबारा माझ्या नावचा, मग हरकत कोणाची, असे मालक विचारील. परंतु भूगर्भातील झरा मोजणी खात्याच्या खुणा जुमानत नाही, आणि देवांनी दिलेले त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. सौंदर्य निष्फळ म्हणून त्याज्य, असे मी म्हणत नाही. देवाला वाहिलेल्या फुलाचे तरी फळ कोठे येते? माझी तक्रार एवढीच की, जे गवत मेलेलेच नाही त्याला जगविण्याच्या नावाखाली आपण आपल्या डोळ्यांचे लाड पुरवीत असतो.

मुलांच्या खेळाच्या मैदानाला मी सवलत देईन, कारण तुडविलेले गवत पाण्यावाचून लवकर सावरत नाही. बंगल्यांच्या मालकांनी मात्र फाल्गुन सरताच नळी गुंडाळून ठेवावी, मृगापर्यंत पिवळ्या अंगणातच खुर्च्या मांडाव्यात, आणि पाहुण्यांनी विचारपूस केलीच तर गवत सुखरूप आहे असे सांगावे.