फाटक कुणी उघडायचं?

लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेलेल्या आईबाबांची एक ठरलेली तक्रार असते. घर ऐसपैस आहे, रस्ते चकाचक आहेत, पण संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचं कुठे? ह्यूस्टनमध्ये तर ही तक्रार जरा जास्तच खरी. जमिनीचा वापर ठरवून देणारा झोनिंगचा कायदा या शहरानं कधी केलाच नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदारांनी तो झिडकारला. शहर वाट फुटेल तसं पसरलं आणि बागा मागे राहिल्या. शाळा मात्र मागे राहिल्या नाहीत. वस्ती आली की मुलं येतात, मुलं आली की शाळा लागते आणि शाळेला मैदान. ते मैदान दुपारी शाळा सुटली की ओस, शनिवार-रविवारी ओस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर महिनोन्‌महिने ओस.

मग वापरायचं की, त्यात काय एवढं? आपल्याला असं सहज वाटतं, कारण आपल्याकडे महापालिकेची शाळा आणि महापालिकेची बाग यांचा मालक एकच. तिकडे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे शिक्षण खात्याचं एखादं कार्यालय नव्हे. ते एक स्वतंत्र छोटं सरकारच असतं. त्याचं सहसा निवडून आलेलं मंडळ वेगळं, मालमत्ता करातला वाटा वेगळा, जमीन वेगळी. महापौराचा हुकूम तिथे चालत नाही. टेक्सासात तर बहुतेक डिस्ट्रिक्टांच्या नावातच ‘इंडिपेंडंट’ असतं. हद्दीही जुळत नाहीत. ह्यूस्टन शहरात ह्यूस्टनच्या डिस्ट्रिक्टखेरीज ऑल्डिन, एलीफ, स्प्रिंग ब्रँच अशा इतर डिस्ट्रिक्टांचीही हद्द शिरलेली आहे. उलट बेलेअर हे शेजारचं स्वतंत्र शहर असूनही त्याच्या शाळा ह्यूस्टन डिस्ट्रिक्टकडे. एकाच गल्लीतल्या मैदानासाठी दोन सरकारांनी एकमेकांना पत्रं लिहायची, असा हा मामला.

तो सुटला एका बाईमुळे. एलेनॉर टिन्स्ली १९६९ साली ह्यूस्टनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या आणि पुढे मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. १९७९ मध्ये त्या नगर परिषदेत गेल्या. त्या परिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालेलं. १९८३ मध्ये त्यांनी ‘स्पार्क’ सुरू केलं. नाव ‘स्कूल’ आणि ‘पार्क’ यांच्या जोडातून आलेलं. जमीन डिस्ट्रिक्टचीच राहते. शहर, डिस्ट्रिक्ट, देणगीदार आणि ती शाळा मिळून तिथे घसरगुंड्या, बाकं आणि चालायची वाट करतात. शाळेच्या वेळात मैदान मुलांचं, एरवी वस्तीचं. अशी मैदानं आज दोनशेच्या वर आहेत. ऐंशीचं ते दशक तेलाचे भाव कोसळल्यानं ह्यूस्टनची कंबर मोडणारं ठरलं, हे लक्षात घेतलं तर नवी जमीन विकत न घेता बाग करण्यातलं शहाणपण कळतं.

याला ‘सहकार्याची भावना’ वगैरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अशा करारांचा जीव क्षुल्लक प्रश्नांत असतो. फाटकाची किल्ली कुणाकडे? रविवारी झोपाळ्याची साखळी तुटून पोर पडलं, तर दावा कुणावर? गवताला पाणी कुणाच्या मीटरचं? सोमवारी सकाळी फुटक्या बाटल्या कुणी उचलायच्या, शाळेच्या शिपायानं की बागेच्या माळ्यानं? हे कागदावर नसेल, तर मोठ्या मनानं खुलं केलेलं मैदान पहिली खिडकी फुटताच बंद होतं. मुख्याध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. घोटाळा झाला की जाब त्यालाच विचारणार.

विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकी शहरानं ही कटकट मुळातच टाळली. राज्यानं १९११ मध्ये शाळा मंडळांना करमणूक आणि खेळांसाठी वेगळा कर बसवायची मुभा दिली आणि मिल्वॉकीच्या मंडळानं क्रीडांगणांचा कारभार स्वतःकडेच घेतला. रात्री शाळांतून स्थलांतरितांचे इंग्रजीचे वर्ग चालत, नाटकं बसत. डोरोथी एंडेरिस यांनी १९२० ते १९४८ मंडळाचा हा करमणूक विभाग चालवला. दिवे लागलेल्या शाळांचं शहर अशी मिल्वॉकीची ओळख झाली. तो विभाग आजही शाळांच्याच ताब्यात आहे. मला ही व्यवस्था जास्त पटते. मात्र तिच्यासाठी वेगळा कर भरायची तयारी लागते आणि टेक्सासात ‘नवा कर’ हे दोन शब्द उच्चारून निवडणूक जिंकणारा माणूस मला तरी ठाऊक नाही.

आता ह्यूस्टनच्या या मैदानांसमोर वेगळाच पेच आहे. २४ मे २०२२ रोजी टेक्सासातल्याच युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. पुढच्याच वर्षी राज्यानं प्रत्येक सरकारी शाळेत सशस्त्र रक्षक ठेवण्याचा कायदा केला. उंच कुंपण आणि एकच बंदोबस्तातलं दार ही पालकांची मागणी झाली. चाळीस वर्षांपूर्वी फाटक उघडं ठेवण्यासाठी करार केला. आज तेच फाटक सुरक्षेचा प्रश्न झालं आहे. दोन्ही बाजूंना आईबापच आहेत. मैदान मागणारे तेच, कुंपण मागणारेही तेच. हा वाद टिन्स्लीबाईंना बघावा लागला नाही; २००९ मध्ये त्या वारल्या. बफेलो बायू नदीकाठच्या एका उद्यानाला त्यांचं नाव आहे.

यंदा ह्यूस्टनला लेकीकडे जाणार असाल, तर शाळा सुटल्यावर जवळच्या शाळेच्या कुंपणाशी ‘स्पार्क पार्क’ची पाटी आहे का बघा. असली, तर आत जा. चालायची वाट असेल, बाक असेल. तुमच्या नातवाची शाळा नसली तरी चालतं.