सराचा समुद्रकडा

झॉर्झ सरा (१८५९–१८९१) याने १८८५चा उन्हाळा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील ग्रांकां या गावी काढला. तिथला ‘बेक द्यू ऑक’ हा चोचीसारखा पुढे झेपावलेला कडा त्याने रंगवला. लंडनच्या टेट संग्रहालयातील या चित्रात कडा, समुद्र, आकाश आणि काही पक्षी आहेत. माणूस एकही नाही.

दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी प्रकाश टिपला, पण नजरेच्या भरवशावर. सराला त्यामागचा नियम हवा होता. त्याला आधार मिळाला तो शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाच्या १८३९च्या ग्रंथाचा. शव्हरल पॅरिसमधील गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तिथे तक्रार होती. दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे, हे त्याने दाखवून दिले. शेजार बदलला की रंग बदललेला भासतो. म्हणून सराने रंग आधी कालवण्याऐवजी ते सुटेसुटे, एकमेकांलगत लावले. दुरून पाहताना डोळाच ते मिसळून घेईल, अशी अपेक्षा होती.

हिशेब मात्र पुरता जुळत नाही. दोन दिव्यांचे झोत एकत्र पडले तर उजेड वाढतो. पण रंगाच्या ठिपक्यांतून डोळ्यापर्यंत पोचते ती त्यांच्या उजेडाची सरासरी. निळा-नारिंगीसारखे पूरक रंग अगदी एकजीव झाले, तर उरतो करडेपणा. झळाळी येते ती मिश्रण अर्धवट राहते तेव्हा, म्हणजे ठिपके विरघळू लागले आहेत पण दिसेनासे झालेले नाहीत अशा अंतरावरून. सिद्धांत फसतो तिथेच चित्र साधते, असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय हा कडा निव्वळ ठिपक्यांचा नाहीच. गवतावर एकमेकांना छेदणारे फटकारे आहेत, पाण्यावर आडवे आखूड. खरे ठिपके ठळकपणे भेटतात ते कडेच्या रंगीत पट्टीत, आणि ती पट्टी सराने काही वर्षांनी जोडली. चित्र आणि भिंत यांच्या सीमेवरही रंगांचा शेजार आपल्या ताब्यात असावा, हा त्यामागचा हेतू.

सरा एकतिसाव्या वर्षीच वारला. त्याचा सहकारी पॉल सिन्याक १८९२मध्ये भूमध्य समुद्राकाठी सँ-त्रोपेला गेला. या शैलीला मिळालेले ‘बिंदुवाद’ हे नाव त्याला मान्य नव्हते. महत्त्व ठिपक्याला नसून रंग वेगळे राखण्याला आहे, असे तो म्हणे. पुढे त्याचे फटकारे मोठे, चौकोनी होत गेले आणि रंग मिसळण्याचे काम त्याने डोळ्याकडून जवळजवळ काढूनच घेतले.